दोन मिनिटं एक्केचाळीस सेकंद

इकीकेचा चढ संपला की रेडिओ मरतो.
आधी खरखर,
मग बातम्यांतला एखादा सुटा आकडा,
मग पिकापर्यंत नुसतं वाळवंट.
पाण्याचे पंप दुरुस्त करायला
आठवड्यातून दोनदा बाबा हाच रस्ता धरायचे.
"जाऊन-येऊन चार तास, यास्ना.
माणूस स्वतःशी बोलणार तरी किती?"

म्हणून मी गाणी जाळायला शिकले.
हो, जाळायलाच. आमच्याकडे सीडीवर गाणी
भरत नाहीत, जाळतात.

वय चौदा. कॉम्प्युटर एदगार्दोमामाचा, जुना,
त्याचा पंखा दमेकरी म्हाताऱ्यासारखा.
एक गाणं उतरायला कधी तास, कधी आख्खी रात्र,
मध्येच कुणी फोन उचलला
की मुसळ केरात.
फायलींच्या नावांवर तर भरवसाच नको:
मागवावी कुंबिया, निघावी लष्करी कवायत,
एकदा तर तीन मिनिटं
कुणीतरी नुसतं खोकत होतं.

वेग बावन्नचा होता, मी चारवर ठेवायचे.
निस्सानचा प्लेअर नखरेल,
घाईत जाळलेलं त्याला पचायचं नाही.
तेवढा वेळ घरात दार आपटायचं नाही,
वॉशिंग मशीन लावायचं नाही,
इवोने उड्या मारायच्या नाहीत.
निळी पट्टी नव्याण्णववर येऊन
अशी काही थबकायची
की आईसुद्धा कांदा चिरायची थांबे.
मग ट्रे बाहेर. चकती कोमट,
ताज्या पावासारखी.
किंवा फुकट गेलेली.

फुकट गेलेल्या पिकाच्या मावशीकडे जात.
ती त्या आंब्यांना दोऱ्याने टांगायची.
पाखरं दोन दिवस बिचकायची,
तिसऱ्या दिवशी त्यांत तोंड बघायची.

ऐंशी मिनिटं. त्यात बाबांची सतरा गाणी,
आणि एक माझं, चोरून.
सतरावं म्हणजे एक जुना वाल्स,
त्यांनी भांडी विसळताना गुणगुणून दाखवलेला.
गायिका माहीत नाही, नाव माहीत नाही.
तीन आठवडे शोधला.
मिळाला तो तुटका:
दोन मिनिटं एक्केचाळीस सेकंदांवर
ती म्हणते, "आणि दारात",
आणि संपतं.
दारात कोण, काय, देव जाणे.
मी म्हटलं, पूर्ण मिळालं की बदलून देते.
"असू दे गं. तोवर फाटा येतोच."

अकरा वर्षं त्यांनी ते तेवढंच ऐकलं.

इवोच्या लग्नात बँडवाल्यांनी तेच धरलं.
बाबा टेबलावर बोटं वाजवत, कधी नव्हे ते मोठ्याने गात,
"आणि दारात"पर्यंत आले
आणि गप्प.
बँड पुढे गेला. पुढे आख्खं कडवं होतं.
दारात काय होतं ते सगळ्या हॉलला कळलं.
बाबा पाणी प्यायले,
माझ्याकडे झुकून म्हणाले,
"हे यांनी उगाच वाढवलंय."

निस्सान विकली तेव्हा ती चकती आतच अडकलेली.
घेणारा पोरगा चिमट्याने ओढून थकला.
"राहू दे," बाबा म्हणाले,
"तिचे वीस हजार कमी दे."
वीस हजार पेसो! त्या पैशांत
शंभर कोऱ्या चकत्या आल्या असत्या.

आता फोनमध्ये सगळं आहे,
पूर्ण, स्वच्छ, कडव्यासकट.
परवा चढ संपल्यावर लावलं.
बाबा शेजारी, सीट मागे, डोळे मिटलेले.
बाहेर मीठ, तारांचे खांब,
कुणाच्या तरी अपघाताची छोटी देवळी.
"आणि दारात"
आणि माझा अंगठा आपोआप पुढे झाला.

थोडा वेळ फक्त टायरांचा आवाज.
मग डोळे न उघडता त्यांनी विचारलं,
"फाटा आला का?"