चौदा जणांचा नमुना

खासबागेत, मागांच्या शेडमागं
संध्याकाळी सातला कन्नडचा वर्ग.
चौदा जण. माझ्या वहीत मात्र
भलतेच रकाने :
वय, पाळी, मागावर किती वर्षं,
ऐकू येतं का?

सगळ्यांनी सांगितलं, येतं.

श्रुतलेखन घालते.
तोंड त्यांच्याकडं असलं की काना-मात्रा बरोबर.
फळ्याकडं वळले
की चौदा पेनं थांबतात.

शेवंता कोपार्डे, एकोणतीस वर्षं मागावर.
ओठांवरचं मराठी वाचते, ओठांवरचं कन्नडही;
त्या खडखडाटात दोन्ही भाषा
तिला सारख्याच मुक्या.

चौदांवरून काही सिद्ध होत नाही बाई,
डॉक्टर हंजी म्हणाले.
खरंच आहे ते.

आजचा शब्द : केळु.
कन्नडात ऐकणं म्हणजे केळु,
विचारणं म्हणजेही केळुच.
शेवंता हसली, "मग तुम्ही विचारलं काय
न् आम्ही ऐकलं काय,
एकच झालं की ओ!"

मी वही तोंडासमोर धरली.
परत विचारलं, ऐकू येतं का?

ती वाट बघत राहिली
वही खाली यायची.