हिरवं पाणी

गोरख, मी चार दिवस लासलगावला असेन, बहिणीकडे.
किल्ली पंपाच्या खोक्यामागे, खिळ्याला.
शेडमध्ये शिरलास की आधी कान दे.
बुडबुडे वाजत असले
तर दिवा सावकाश लाव.

खिडकीत अकरा बरण्या आहेत, काचेच्या,
वर्षानुवर्षं लोणचं मुरवलेल्या.
आता आत शेवाळ वाढतंय, कण डोळ्यांना न दिसणारा,
दिसतो तो नुसता रंग.
पालक उकडलेल्या पाण्यासारखा असेल तर दे.
पिवळट पडलं, वास आला, तर बांधावर ओतून टाक,
हळहळू नकोस.
कडेच्या बरणीला मात्र हात लावायचा नाही.
ती विरजण आहे.

टबातली शिंपल्यांची पिल्लं तिळाएवढी.
तीन आठवडे माशाच्या कल्ल्यांत पाहुणी राहून
मागच्या मंगळवारी खाली उतरली.
मालक विचारतात, मोती कधी?
म्हटलं, बारसं तर होऊ द्या.

त्यांना रडून मागता येत नाही.
आपण पाणी जरासं हिरवं करायचं
आणि तिथून निघून जायचं.
पाणी निवळलं की समजायचं, जेवली.

यंदा निफाडचा पारा फार उतरलाय.
पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतील,
धूर आपल्या पत्र्यापर्यंत येईल.
सकाळी पाणी हिरवंच दिसलं तर घाबरू नकोस,
आणि मायेपोटी आणखी ओतू नकोस.
गारठ्यात ती कवाडं लावून घेतात.
बंद दारापुढं वाढलेलं कुजतं,
आणि त्याच पाण्यात त्यांना श्वास घ्यायचा असतो.

हे मी इथे शिकले. घरी उशिरा कळलं.
प्रतीक्षाचा निकाल लागला त्या आठवड्यात
दिवसातून चार चार वेळा ताट घेऊन
मी तिची कडी वाजवत होते.

अर्धं पाणी बदल. नदीचं नको,
पिंपात काल भरून ठेवलेलं घे.
मग थांब. उन्हं पत्र्यावर येऊ देत.

दुपारी एक पिल्लू थेंबासकट काचपट्टीवर घे,
भिंगाखाली धर.
कवच अजून आरपार दिसतं,
पाय बाहेर काढून ते काहीतरी चाचपत असेल.
आत बघ, पोटात,
केसाएवढी हिरवी रेघ.

दिसली तर एक मिस्ड कॉल दे.
नाही दिसली, तर उचलेपर्यंत वाजव.