क्लचवरचा ठोकळा

कारागानाच्या कुंपणाआड एकतीस हिवाळे
गाडी उभी होती, नाक उत्तरेला.
मर्क्युरी पिकअप, सन बावन्न.
बाबा गेल्यावर कुणी हलवली नाही,
आणि हलवायची म्हटली तर चाकं
सस्कॅचेवानच्या मातीत अशी रुतलेली
की जेवून आडवा झालेला पाहुणा,
उठायचं नावच नाही.

ओल्हाचा एडमंटनहून फोन: "मिरोन, भंगारात दे.
त्रेसष्टाव्या वर्षी कसली हौस?"
बरं, म्हटलं. आणि ट्रॅक्टरला साखळी लावली.

इंजिन जाम.
आठही सिलिंडरांत गिअरचं तेल आणि अ‍ॅसिटोन
समसमान ओतून, रोज सकाळी
कॉफीच्या आधी, लांब पान्याने एक हिसका.
ऑक्टोबर गेला. नोव्हेंबर गेला.
रेडिओवर गव्हाचे भाव, मग तापमान:
उणे तीस.
बारा डिसेंबरला पाना हलला
केसभर.
कुणाला सांगितलं नाही. मागे फिरवून पुन्हा पाहिलं.
केसभर, पण खरंच.

सीटमध्ये उंदरांच्या पिढ्या.
बियाण्याच्या पावत्या, गादीचा कापूस
आणि चर्चच्या कॅलेंडरातला अख्खा एप्रिल कुरतडून
मऊ अंथरूण केलेलं.
हौद्याच्या फटीत गहू, काळा पडलेला,
दाताखाली धरला तर अजून टणक.
रंग खरवडला: वर हिरवा, खाली लाल,
त्याखाली परत हिरवा, पण वेगळा.
बाबांना मधेच लाल का सुचला असेल?
उजव्या दाराचा पोचा मात्र मला ठाऊक आहे.
झिर्का नावाची गाय.

मग क्लच.
पेडलवर बर्चचा ठोकळा,
तीन बोटं जाड, दोन बोल्टांनी आवळलेला,
मधोमध झिजून बशीसारखा.
दानिलोने पुस्तक उघडलं. "मामा,
हे कंपनीचं नाही. काढायचं."
मी पाना लावला, एक बोल्ट सैल केला
आणि पायरीवर बसलो.

बाबा सहा फूट दोन इंच.
त्यांना ठोकळा कशाला?
आई पाच फूट, तेही रविवारच्या बुटांत.
पण आईला गाडी येत नव्हती.
मीठ खारट असतं, तसं हे आमच्या घरात
सगळ्यांना माहीत होतं.
तीच सांगायची, हातावरचं पीठ झाडत:
"मला मेलीला काय कळतं गिअरमधलं?"

ओल्हाला फोन लावला.
पलीकडे नळ चालू होता. तो बंद झाला.
"एकसष्टची कापणी," ती म्हणाली.
"बाबा क्षयाच्या इस्पितळात. तू पोटात.
एलेव्हेटर अकरा मैल, दिवसाला चार खेपा.
तिचं पोट आडवं यायचं, हात पोचायचा नाही,
म्हणून गिअर मी टाकायचे. सहा वर्षांची मी.
क्लच दाबून ती म्हणायची: 'आता.'
परत आल्यावर बाबांनी विचारलं, गहू कुणी नेला?
शेजाऱ्यांनी, म्हणाली.
मला चिमटा काढला. अजून आठवतो."

शेजाऱ्यांनी.
आणि मग बत्तीस वर्षं
तो सहा फुटी माणूस त्या ठोकळ्यावर पाय ठेवून,
गुडघा स्टिअरिंगला घासत,
गाडी चालवत राहिला.
दोन बोल्ट. पाच मिनिटांचं काम.
काढला नाही. विचारलंही नाही पुन्हा.

मी सैल केलेला बोल्ट आवळला.
दानिलो पुस्तक मिटून सिगारेट ओढायला गेला.

मे महिन्यात ओल्हा आली.
कार्ब्युरेटरने दोनदा शिंक दिली, शेडभर निळा धूर,
आणि आठांपैकी सात सिलिंडर बोलले.
आठवा रुसलेलाच.
दानिलो चालवायला, मी खिडकीशी,
ओल्हा मधे, पर्स मांडीवर.
त्याचा गुडघा आपटला. त्याने शिवी हासडली.
मी पाहिलं, तिचा डावा हात
कुणी न सांगता गिअरवर गेला होता
आणि थांबला होता.

"म्हण ना," मी दानिलोला म्हटलं.
"काय म्हणू?"

आठव्या मैलावर पेट्रोल संपलं.
काटा अर्ध्यावर दाखवत होता.
तो तपासायचा राहूनच गेला.