अकरा खाचा

लेम्पी कार्पिनेननं ती घोंगडीत गुंडाळून आणली,
काखेत, सरपणासारखी.
ओट्यावर ठेवली नि म्हणाली, "जड आहे मेली."

दोन स्क्रू काढले. लाकूड सुटलं.
पोलादाची शेपटी उलटी धरली दिव्याखाली.
खरी जन्मतारीख तिथंच दडलेली असते,
वरच्या शिक्क्यांवर भरवसा ठेवू नये.
अठराशे शहाण्णव. धनुष्यबाण.
म्हणजे इझेव्स्क, म्हणजे झारचा माल.
नळी मात्र आमची, टिक्काची, बेचाळीसची.
दस्ता बर्चचा, दोन तुकड्यांचा,
बोटांत बोटं अडकवून जोडलेला.
बोल्टवरचा नंबर भलताच.
किंमत निम्मी झाली, हे मी तिला सांगितलं नाही लगेच.

आणि दस्त्यावर अकरा खाचा.

योएन्सूचा दलाल असता तर कुजबुजला असता:
अकरा माणसं. वर शंभर युरो.
मी पट्टी लावली.
चार सेंटिमीटर, चार, चार, पुन्हा चार.
मरणं अशी आखून येतात होय?

लेम्पी हसली, कॉफी सांडेपर्यंत.
"बाबांची मोजपट्टी ती!
दहाव्या खाचेच्या आतला पाईक
परत तळ्यात."
"लढाई चालू असताना?"
"तेव्हा तर जास्तच. कडक होते फार."

नोंदवहीत एकशे बारावी ओळ.
'खुणा' या रकान्यात पेन थोडं थांबलं,
मग लिहिलं: मासे.

बोल्ट मागे घेताना अर्ध्यावर अडतो.
उद्या रॉकेल लावून बघतो.