वेगळी बादली

लोंद्रिनाच्या प्रयोगशाळेत आज वाल्दोमिरो आले,
माझे वडील. टोपी हातात घेऊन दारातच थांबले,
बुटांची तांबडी माती पुसायला पायपुसणं शोधत.

एकतीस वर्षं पाठीवर पंप.
फवारणीआधी बोट ओलं करून वारा बघायचे,
आणि वारा फिरला तरी काम थांबायचं नाही,
मालकाचा ट्रक घड्याळावर यायचा.
सोयाबीनवरच्या अळीसोबत
कुंपणाजवळच्या पेरूखाली मधमाश्यांचा सडा पडायचा.
सुक्याबरोबर ओलं जळतं,
एवढंच म्हणायचे, तेही जेवताना.

त्यांचे कपडे आई वेगळ्या बादलीत धुवायची.
ते पाणी परसातल्या संत्र्याच्या बुंध्याशी ओतायची.
त्या झाडाला फुलं यायची.
फळ कधी धरलं नाही.

मी कुपी पुढे केली. आत दुधाळ पाणी.
"यात विष कुठंय?"
कवचात, बाबा. मक्याच्याच प्रथिनाचं कवच,
एका केसाच्या जाडीत शेकड्यांनी मावतील, एवढालं.
पानाला धरून बसतं, सरीनं लगेच धुपत नाही.
अळीनं पान खाल्लं
की तिच्या पोटातल्या क्षारात उकलतं.
औषध थोडकं पुरतं; निदान
आमच्या बावीस वाफ्यांत तरी पुरलं.

"म्हणजे त्याला कळतं, कुणाच्या पोटात आहोत ते?"
कळत नाही. विरघळतं फक्त.
"बरंय," म्हणाले,
"कळणाऱ्यांचं काम बघितलंय मी."

मग सवयीनं कुपी नाकाशी नेली.
वास नाहीच तिला, मी म्हणाले,
आणि म्हणता म्हणता जीभ चावली.
एकोणीस वर्षं झाली, त्यांना
कॉफीचाही वास येत नाही.
त्यांनी नुसती मान हलवली,
जणू माझं म्हणणं तपासून बघितलं आणि पटलं.

"आणि टरफल? रिकामं झालं की जातं कुठं?"

मी वही उघडली.
माती, ओढा, गांडूळ: तीन रकाने.
पहिल्यात आकडे आहेत,
दुसऱ्यात पेन्सिलनं एक शंका,
तिसरा कोराच.
वही त्यांच्याकडे फिरवली.
वाचता येत नाही त्यांना फारसं,
पण कोरी जागा कुणालाही वाचता येते.
तिच्यावर त्यांनी अंगठा ठेवला, थोडा वेळ.

निघताना बेसिनपाशी हात धुतले,
कोपरापर्यंत, दोनदा,
कशालाही न लागलेले हात.
नळ बंद केला
आणि जाळीतून खाली जाणाऱ्या पाण्याकडे
वाकून बघत राहिले.