रांग सात, दगड अकरा

ती आली होळकर पुलावरून, मुनीरच्या रिक्षानं,
मुठीत कागद, घामानं भिजलेला.
मी म्हटलं, कागद राहू दे बाई,
खडकीतले हे सगळे मला पाठ आहेत.
रांग सात, दगड अकरा. वय तेवीस.
तापानं गेला की गोळीनं, ते दगडावर नाही.

सारा जन्म निघते निघते म्हणत होती.
आधी आई नको म्हणाली, मग पैसे,
मग नवऱ्याचं दुखणं, मग गुडघे.
(हे मुनीरनं सांगितलं, अर्धं त्याच्या पदरचं.)

रडली नाही.
एवढंच विचारलं: डोकं कुठल्या बाजूला?
मी पाइप खाली ठेवला, दाखवलं.
मग ती पायांकडे जाऊन बसली
हराळीत, मांडी मोडून, कशीबशी.

बापापेक्षा साठ वर्षांनी थोरली लेक.
मी तिला सांगितलं नाही
की हा गुलाब तिसरा.
आधीचे दोन माझ्या हातून करपले,
टाकी कोरडी होती त्या मे महिन्यात.

बाई विचारते, मुनीर म्हणाला,
तुझं कोणी गेलं होतं का लढाईत?
आजा. बर्माला. खेचरं हाकायला.
कुठं पुरलाय?
कार्डात तेवढं लिहिलं नव्हतं.
तिकडं कोणी पाणी घालत असेल, नसेल.

निघताना पैसे काढले नाहीत तिनं, बरं झालं.
कात्री मागितली.
दगडाच्या कडेचं गवत कापलं, वीतभर,
वेडंवाकडं.

तेवढी वीत मी अजून सारखी केलेली नाही.
साहेब विचारतो.
मी म्हणतो, उद्या.