नागपूर वादिराज

मोदी नंबर तीनच्या गल्लीत
त्याच्या बापाचं डोशाचं हॉटेल होतं, सात टेबलांचं.
घरात तुळू, गल्ल्यावर हिंदी,
आमच्याशी भांडायला मराठी:
"काहून बे, रडी खेळून राहिला का?"
कन्नड त्याच्या वाट्याला आली
ती आजोबांच्या पोस्टकार्डापुरती.

एकाहत्तरच्या मे महिन्यात
खिडकीला वाळ्याची ताटी बांधता बांधता म्हणाला,
"मी चाललो बंगलोरले. सिनेमात."
हातात ओल्या काड्या,
बनियनला पाठीवर भोक.
आम्ही हसलो. तोही हसला.
पण तार सगळी नीट वळून बसवली त्यानं,
बादलीभर पाणी मारलं ताटीवर,
आणि गेला.

तिथल्या निर्मात्याकडे आधीच दोन वादिराज होते,
एक नाच बसवणारा, एक हिशेब लिहिणारा.
म्हणून याच्या नावापुढे गावाचं नाव लावलं.
असं आपलं शहर जाऊन चिकटलं
दावणगेरेच्या, हासनच्या भिंतींवर,
लाल, गोलगोल अक्षरांत,
जी आपल्यातल्या एकालाही वाचता येत नव्हती.
एक पोस्टर त्यानं टपालानं पाठवलं होतं.
त्याची आई बोट ठेवून दाखवायची:
हा ना. हा ग. हा पु.
र घडीवर आला होता, तो फाटला.

एका वहीत तो लिहून ठेवायचा
कुठल्या सिनेमात कशानं मेलो ते.
विहीर. बैलगाडी. उसाचा चरक.
विहीर. नायकाच्या आईचा शाप.
एका ठिकाणी नुसतं: कारण सांगितलं नाही.
बहुतेक मरणं मध्यंतराच्या आतली,
त्यामुळे दुपारचं जेवण वेळेवर व्हायचं, म्हणे.

मला हे फार उशिरा कळलं,
पडद्यावर तो गरजायचा तो आवाज त्याचा नव्हताच.
त्याच्या कन्नडला आपला हेल होता,
वाक्याच्या टोकाला 'नं' लागायचा.
आता नायकाच्या गळ्यावर सुरा धरून
'मरतोस का नं' असं विचारलं
तर कोण मरेल?
म्हणून हनुमंतय्या नावाचे एक सज्जन,
दम्याचे रोगी, शाळेत गणित शिकवणारे,
काचेच्या खोलीत बसून
सव्वीस वर्षं त्याच्यासाठी गुरगुरले.
दोघांची भेट फक्त दोनदा झाली.
हनुमंतय्या वारले
तेव्हा लोक म्हणाले, वादिराजचा आवाज बसला.
कामं यायची थांबली.

आला परत. पुतण्यानं गल्ल्यावर बसवलं.
बडीशेपेची वाटी, सुट्टे पैसे, डोक्यावर पंखा.
कुणी ओळखलं नाही. ओळखणार कशावरून?
बर्डीवर मिशा काय, सगळ्यांनाच असतात.

मग एका रविवारी संघमित्रा आठ तास लेट,
आणि स्टेशनवरून तुमकूरचं एक कुटुंब
इडली शोधत इथपर्यंत आलं.
त्यातला म्हातारा चमचा हातात धरून उभाच राहिला.
नाव घेतलं. पूर्ण. आपल्या शहरासकट.
आणि गळ घातली, तो एक डायलॉग,
तो एकच, म्हणून दाखवा.
वादीनं मान हलवली,
नोटा सरळ करत राहिला.

तेव्हा म्हातारा स्वतःच म्हणू लागला.
बारीक, चिरका आवाज त्याचा; बायको पदर ओढत होती.
आणि गल्ल्यामागे वादीचे डोळे वर आले.
डावी भुवई चढली. ओठ हलले,
अक्षराला अक्षर लावून, आवाजाशिवाय,
हनुमंतय्यांसाठी जागा सोडून.
पंखा फिरत होता.
कोपऱ्यातलं एक पोरगं
आईच्या कुशीत शिरलं भ्यायलेलं.
मी तिथंच होतो. माझा चहा निवला.

मग भुवई उतरली.
बडीशेप पुढे सरकवून तो म्हणाला,
स्वतःच्या आवाजात, मराठीत,
"राहू द्या नं. पैसे राहू द्या नं."

माझ्याकडून मात्र घेतले.